चौकातले पाय

कुठंही उभं राहायची वेळ आली की नाना आधी चपला काढायचे आणि उजव्या टाचेनं जमिनीवर दोनदा ठोकायचे. मग मान जराशी तिरकी करून ऐकायचे. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठंही. ऐकून समाधान झालं की म्हणायचे, "खालचा पक्का हाय. आता वर काय बी करा." समाधान नाही झालं तर काहीच बोलायचे नाहीत, पण त्या जागी फार वेळ थांबायचेही नाहीत.

मला त्यांनी घर दाखवलं तेही असंच. मी देशावरचा, कऱ्हाडकडचा. उलव्यातल्या एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक म्हणून लागलो आणि नानांच्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. घरमालक घर दाखवतो म्हणजे काय दाखवतो, ते तुम्हीही अनुभवलं असेल. नळाला पाणी किती वेळ येतं, वारा कुठून येतो, स्टेशन किती मिनिटांवर. नानांनी यातलं काहीही सांगितलं नाही. हॉलच्या मधोमध उभे राहिले, टाचेनं ठोकलं आणि म्हणाले, "पक्का हाय, मास्तर. ये ऱ्हायला." मी मनात म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर खालचं पक्कं म्हणजे पहिल्या मजल्यावरच्यांचं छत पक्कं, त्यात माझं काय? पण घर आवडलं होतं. पहिल्याच भेटीत झालेलं ते अरेतुरे मात्र मला जरा लागलं. इथल्या गावांत ते आपुलकीचं असतं हे कळायला वर्ष गेलं.

सामान आलं त्या दिवशी ते एक मूठ जाडं, मळकट मीठ घेऊन दारात उभे राहिले. "आधी मीठ जाऊ दे आत. मंग तुजा फ्रीज." माझ्या बायकोनं ते मीठ वाटीत घेऊन पिशवीतल्या पांढऱ्याशुभ्र मिठाशेजारी ठेवलं, तर नाना त्या पिशवीकडं बघून म्हणाले, "त्याला नुसता खारटपना हाय, बाय. चव नाय." त्यांच्या मिठागरातलं शेवटचं मीठ त्यांनी एका चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवलं होतं आणि प्रत्येक नव्या भाडेकरूला त्यातलं मूठभर मिळायचं. बरणी संपली की काय करणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मंग भारेकरू बदलायचा नाय."

मी त्यांना आधी 'मालक' म्हणायचो. ते त्यांना बिलकूल खपलं नाही. "माना," म्हणजे मला, "मालक नको म्हनू. मालक म्हंजे मिठागराचा शेठ. तो छत्री घेऊन बांधावर उभा ऱ्हायाचा. मी खाली वाफ्यात." म्हणून मग सगळ्यांसारखा मीही नाना म्हणू लागलो. आता जिथं आमची शाळा आहे, मेडिकलचं दुकान आहे, केक मिळतो, तिथं एकेकाळी मिठाचे वाफे होते. नाना रस्त्यानं चालताना मधेच थांबून सांगायचे, "हितं आमचा सातवा वाफा." तिथं आता एका जिमची पाटी आहे.

त्यांचे पाय तुम्ही पाहायला हवे होते. पंजे पसरट, बोटं एकमेकांपासून फटकून वागणारी आणि टाचांना अशा भेगा की काडेपेटीतली काडी उभी राहावी. डाव्या पायाची करंगळी आडवीच वळलेली. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या दाराची फळी ऐन पंचविशीत करंगळीवर पडली होती. दवाखान्यात गेला नाहीत का, असं विचारलं तर म्हणाले, "भरती थांबली असती काय?"

आता त्या तांब्याबद्दल सांगायला हवं.

रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी नाना इमारतीच्या दारात, पायरीच्या कडेला उभे राहायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, तळमजल्यावरच्या घरातून तांब्याभर पाणी घेऊन यायच्या आणि त्यांच्या पायांवर ओतायच्या. आधी उजवा, मग डावा, मग टाचा. सगळं पाणी संपलं की काकी म्हणायच्या, "चला, या आता आत." नाना ओल्या पायांनी लॉबीतून घरात जायचे. गुळगुळीत फरशीवर पावलांचा माग उमटायचा आणि त्यावरून आम्ही भाडेकरू घसरायचो. मी स्वतः दोनदा पडलो. दुसऱ्यांदा भाजीची पिशवी हातात होती. टोमॅटो लिफ्टच्या दारापर्यंत गेले. मी चिडून म्हणालो, "नाना, घरात बाथरूम आहे ना?"

नाना टोमॅटो गोळा करू लागले. काकी म्हणाल्या, "मिठाचा पाय घरात नेऊ नये, मास्तर. भेगांत मीठ ऱ्हायला तं रातभर जीव जातो. लगीन होऊन आले त्या दिसापासून वततंय मी पानी. तवा गोरा पानी दोन कोसांवरनं आनायचो. पियाला कमी, पन पायाला ठेवायचोच." गोरा म्हणजे गोडं पाणी, हे मला मागाहून कळलं.

"पण मिठागर बंद होऊन इतकी वर्षं झाली," मी म्हणालो.

"मिठागर बंद झाला," नाना शेवटचा टोमॅटो माझ्या हातात देत म्हणाले, "पाय कुटं बंद झालं?"

दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी भिंतीच्या कडेकडेनं जाऊ लागलो.

पुतळ्याची कल्पना नानांच्या थोरल्या मुलाची. त्याला सगळं गाव दादूस म्हणतं. डंपर, जेसीबी, दोन इमारती असा त्याचा व्याप, आवाज मोठा, आणि माणूस मनानं उमदा. आमच्या चौकात एक गोल बाग होती आणि तिच्यात नुसतं गवत. दादूसनं गावच्या मंडळाची बैठक घेतली आणि सांगितलं, "हितं बाहेरनं आलेल्यांना वाटतं, आधी इथं काय नव्हतंच. खारे डबके आनि मच्छर. त्यांना कललं पायजे इथं कोन होतं ते." मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याचा पुतळा करायचा ठरलं. परवानग्यांच्या मागं तो स्वतः फिरला. आणि चित्र काढायला, अर्थातच, चित्रकलेचे सर होतेच.

मी फुशारून गेलो हे कबूल करतो. शाळेत केळी आणि सुरई काढून घेणाऱ्या माणसाला कोणी पुतळ्याचं चित्र काढायला सांगत नाही. दादूसनं एकच बजावलं होतं, "सर, आमची लोकं भिकारी वाटता कामा नयेत." मी आठ दिवस खपून चित्र काढलं. पिळदार दंड, खांद्यावर लांब दांड्याचं लाकडी फावडं, नजर दूर क्षितिजावर आणि पायांत जाड कातडी पायताण. ते पायताण माझ्या चुलत्याचं, कऱ्हाडच्या बाजारातलं. माझ्या डोक्यात कष्टकरी माणूस म्हटलं की तेच यायचं. अनवाणी माणूस काढला असता तर लोकांना आधी गरिबी दिसली असती, असंही मला वाटलं. मंडळाला चित्र इतकं आवडलं की त्याचा मोठा बॅनर चौकात लागला. खाली माझं नाव. मी मुद्दाम त्या रस्त्यानं शाळेत जाऊ लागलो.

तिसऱ्या दिवशी बॅनरसमोर नाना उभे दिसले. चपला हातात. मी जवळ जाऊन कौतुकाची वाट पाहत थांबलो.

"मास्तर," नाना म्हणाले, "याला तू मिठात उतरवलास का लग्नाला नेलास?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"पायात काय हाय त्याच्या?"

"चपला," मी म्हणालो. "नाना, हे प्रतीक असतं. माणसाला रुबाब येतो."

"मिठात चपला?" त्यांचा आवाज चढला. मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "मीठ म्हंजे अन्न. अन्नात चपला घालून जातंस तू? आमी बांधावर काढायचो. शेठ बी काढायचा. बोट आली तं बोटवाला बी काढायचा. लहान पोर बी चपला घालून वाफ्यात नाय उतरला कदी." आणि मग जरा खालच्या आवाजात, "मी गेल्यावं सांगनारा कोन हाय? पोरां ह्या पुतल्याला बघून शिकतील. आमी पायात जोरे घालून मीठ तुरवला म्हनतील."

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली आणि ती रागासारखी बाहेर आली. मी म्हणालो, मंडळानं पसंत केलंय, तुमच्या मुलाशी बोला. ते मुलाशी बोलले. दादूस म्हणाला, "बाबा, आता आपन तसे ऱ्हायलो नाय ना. भर चौकात उघड्या पायानं कशाला उभा करायचा आपला मानूस?" बोलणं तिथंच संपलं. नाना आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी पाय धुताना मी समोरून गेलो की ते खाली पाण्याकडं बघत.

नवव्या दिवशी, दिवाळीच्या सुटीत, सकाळी सातला त्यांनी दार वाजवलं. "चल." कुठं, ते सांगितलं नाही. रिक्षा उलव्यातून बाहेर पडून द्रोणागिरीच्या बाजूला गेली. कंटेनरांच्या रांगा, गोदामांची लांबच लांब कुंपणं. एका कुंपणामागून पायवाट निघाली आणि तिवरांतून पुढं गेल्यावर एक सोडून दिलेला वाफा दिसला. कडेचा बांध अर्धा ढासळलेला. मधे ओला, करडा चिखल.

"काढ," नाना म्हणाले.

मी बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. माझे पाय त्या चिखलात इतके पांढरे आणि निरुपयोगी दिसत होते की मलाच हसू आलं. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझा हात त्यांच्या खांद्यावर घेतला आणि आम्ही शेजारी शेजारी उभे राहून पाय आपटू लागलो. उजवा, डावा, एक पाऊल पुढं. पुन्हा उजवा, डावा. पावसाळा संपला की वीस-वीस माणसं अशी ओळीनं, खांद्याला खांदा लावून, दिवसचे दिवस वाफा तुडवायची. बाया गाणी म्हणायच्या, त्या ठेक्यावर पाय पडायचे. तळ कच्चा राहिला तर मीठ मातीत मिसळून काळं पडतं आणि सगळा हंगाम वाया जातो. तळ कुठं पक्का झाला आणि कुठं नाही, ते टाचेला कळतं. तिथं मधे काही आलेलं चालत नाही.

अर्ध्या तासात माझ्या तळव्यांची आग आग झाली. एका ठिकाणी शिंपल्यानं कापलं आणि खारं पाणी लागलं तेव्हा मी ओरडलोच. नाना थांबले. त्यांनी मान तिरकी करून आम्ही तुडवलेल्या हातभर जागेवर टाच ठोकली. ठक्क असा आवाज आला. मी पण तिथं आणि शेजारच्या न तुडवलेल्या चिखलावर ठोकून पाहिलं, आणि मला तो फरक खरंच कळला. पन्नाशीच्या माणसाला असं काही नवं कळलं की किती आनंद होतो, ते शब्दांत सांगता येत नाही.

घरी आल्यावर आम्ही दोघं दारात उभे राहिलो. काकींनी आधी नानांच्या पायांवर पाणी ओतलं, मग माझ्या. कापलेल्या जागी ते गोडं पाणी पडलं आणि मला एकदम बरं वाटलं. आयुष्यात मी त्या लॉबीबद्दल पुन्हा तक्रार केली नाही.

त्याच दुपारी मी नवीन चित्र काढलं. पायताण गेलं, दूर क्षितिजावरची नजरही गेली, कारण मिठागरात माणूस खाली बघतो. मंडळाच्या बैठकीत मी ते ठेवलं आणि म्हणालो, "पहिलं चित्र चुकलं होतं. चूक माझी आहे." दादूस म्हणाला, "सर, बॅनर लागलेत. लोकं हसतील." दोन-चार जणांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं.

नाना मागं दाराशी बसले होते. ते उठले, एक प्लास्टिकची खुर्ची ओढत पुढं आले, आणि खुर्चीवर न बसता त्यांनी आपला डावा पाय उचलून तिच्यावर ठेवला. वाकडी करंगळी सगळ्यांच्या समोर.

"लाज वाटते तं ह्याची वाटू दे," ते मुलाला म्हणाले. "ह्याच पायांनी तुना शालेत घातला."

दादूस त्या पायाकडं बघत राहिला. मग त्यानं मोबाइल काढला आणि भर बैठकीत पेणच्या मूर्तिकाराला फोन लावला. मला वाटलं आता काम रद्द करतोय. तो म्हणाला, "कलाकार, पाय नवीन करायचे. आनि ऐका, पाय चित्रावरनं नाय करायचे. आमच्या बाबांचे घ्या." फोन ठेवून तो उगाचच खुर्च्या सरळ करायला लागला.

मूर्तिकार आला तो प्लास्टरची पोती घेऊनच. नानांना आमच्या लॉबीत बसवून त्यांचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये रोवले. तो भला माणूस टाचांच्या भेगा बघून हरखून गेला होता. "आजोबा, अशी टाच हातानं घडवायला महिना जाईल," म्हणाला. नाना म्हणाले, "माना साठ वरसां लागली." प्लास्टर सुकेपर्यंत हलायचं नव्हतं, तर काकी त्यांना चहा बशीतून पाजत होत्या आणि सगळे भाडेकरू जिन्यावर बसून मजा बघत होते. जाताना मूर्तिकारानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, पुतळा धातूचा आहे आणि वारा खाडीचा. मीठ धातू खातं. निदान पाय तरी गोड्या पाण्यानं वरचेवर धूत जा, तिथंच मीठ साचतं." मी हे मंडळाला सांगितलं, मंडळानं वहीत लिहून घेतलं आणि कुठलंही मंडळ जे करतं ते केलं, म्हणजे विसरून गेलं.

चौथरा बांधून झाला त्या दिवशी नाना त्यावर चढले होते. सत्तरी उलटलेली, तरी कोणाचा हात घेतला नाही. चपला खाली काढलेल्या. टाचेनं दोनदा ठोकलं, मान तिरकी केली. "खालचा पक्का हाय," म्हणाले. ती टाच मी शेवटची ऐकली. महिन्याभरानं एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि उठले नाहीत. पुतळा अजून पेणलाच होता.

अनावरण थाटात झालं. मांडव, ढोल, पाहुण्यांची भाषणं, मधेच डोक्यावरून गेलेलं विमान आणि त्यामुळं दोन मिनिटं थांबलेले पाहुणे. चौथऱ्यावरच्या पाटीवर पाहुण्यांची नावं आहेत, मंडळाची आहेत, कोपऱ्यात माझंही आहे. पायांचं नाव कुठंच नाही. दादूसनं ते घालायचं म्हटलं होतं, पण काकींनीच नको म्हटलं. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, आता पाटीवर कशाला, असं म्हणाल्या. पडदा सरला तेव्हा सगळे पुतळ्याच्या तोंडाकडं बघत होते. काकी गर्दीतून पुढं गेल्या, पदर सावरून वाकल्या आणि डाव्या पायाच्या करंगळीला हात लावला. "ह्येंचंच हाय," एवढंच म्हणाल्या. दादूस माझ्या शेजारी उभा होता. तो मोठ्या आवाजाचा माणूस हुंदके देऊन रडला.

त्यानंतरच्या दिवसांत मला एक गोष्ट फार जाणवली. लॉबीतली फरशी कोरडी असायची. मी भिंतीच्या कडेनंच चालत जायचो, सवयीनं, आणि मधली सगळी कोरडी फरशी बघून मला भडभडून यायचं.

मग एका संध्याकाळी शाळेतून येताना बघतो तर चौकातल्या रिक्षा थांबलेल्या. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. मधून काकी चालल्या होत्या, तांब्या पदराआड धरून. चौथऱ्याच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या आणि वर गेल्या. मीही मागून गेलो, चपला काढून खालीच उभा राहिलो. त्यांनी आधी उजव्या पायावर पाणी ओतलं, मग डाव्या, मग मागं जाऊन टाचांवर. भेगांत साचलेली पांढरट धूळ वाहून गेली. तांब्या रिकामा झाला.

"चला," काकी सवयीनं म्हणाल्या, "या आता..."

आणि थांबल्या. वर पुतळ्याच्या तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही. ओल्या करंगळीवरचं एक गवताचं पातं तेवढं काढून टाकलं.

"नको," त्या म्हणाल्या. "ऱ्हावा उभं. मी येतंय उद्या."

त्या रोज जातात. गुडघे फार दुखले तर तांब्या माझ्याकडं देतात, आणि मी चपला काढून वर चढतो. रिक्षावाले आता त्या चौकाला पुतळ्याचा चौक म्हणतात. चौकातून परतलं की आम्ही दारात पायांवर पाणी घेऊनच आत जातो, आणि संध्याकाळी आमच्या लॉबीत पुन्हा ओल्या पावलांचा माग असतो.